पुरावा म्हणून डबा

ज्या बाईने काकूंना गाडी शिकवली, तिलाच काकूंनी धडक दिली. हे वाक्य मी त्या वर्षी निदान पन्नास जणांना ऐकवलं आणि पन्नासही जण आधी हसले. मग चेहरा सरळ करून म्हणाले, "अरेरे, फार लागलं का हो?" आधी हसू आणि मग माणुसकी, हा क्रम काही चुकला नाही. माणसं असं का वागतात याचाच मी तेव्हा पगार घेत होते, म्हणून माझ्या ते लक्षात राहिलं.

२००५ साल होतं आणि गाव होतं मिशिगनमधलं ट्रॉय. मी नागपूरची, एच-वन व्हिसावर नोकरीला आलेली, लग्नाच्या बाजारातून तात्पुरती माघार घेतलेली मुलगी. काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायचे. काकू मूळच्या सांगलीच्या. काका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होते, ते तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगा कॅलिफोर्नियात, दर रविवारी फोनवर भेटणारा. गॅरेजमध्ये काकांची भलीमोठी गाडी उभी आणि काकूंना साधी सायकलही येत नव्हती. ट्रॉयमध्ये गाडी न येणाऱ्या माणसाची अवस्था घरात कोंडलेल्या मांजरासारखी असते. खिडकीतून सगळं दिसतं, पण जाता कुठेच येत नाही.

पलीकडच्या घरात एक गोरी आजी राहायची. सत्तरीची, विधवा, तीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आवाज अजून बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोहोचणारा. काका गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिने काकूंना दोन हातात पिशव्या घेऊन बर्फातून चालत येताना पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बेल वाजवली आणि म्हणाली, "किल्ली घे. ड्रायव्हरच्या बाजूने बस." चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तिने काकूंना दोन महिने गोल गोल फिरवलं. पहिल्या टेस्टला काकू नापास झाल्या, कारण बदकांची एक मोठी रांग रस्ता ओलांडत होती आणि शेवटचं बदक जाईपर्यंत काकू थांबल्या. परीक्षकाने म्हणे घड्याळ पाहिलं. दुसऱ्या टेस्टला बदकं आली नाहीत.

त्या बदल्यात काकू तिला अधूनमधून डबा द्यायच्या. तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा, झाकणावर काकांचं नाव कोरलेला. पहिल्यांदा डबा रिकामा परत आला तेव्हा काकूंनी तिला समजावलं की आमच्यात भांडं रिकामं परत देत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. बाईने हा नियम अमेरिकेच्या घटनेतल्या कलमासारखा पाळला. कधी कुकीज, कधी परसातले टोमॅटो, कधी पेपरमिंटच्या गोळ्या. एकदा घरात काहीच नसावं, तर दोन पेन्सिल सेल आले. काकूंनी ते घड्याळात घातले आणि पुढचं वर्षभर येणाऱ्याजाणाऱ्याला घड्याळ दाखवत होत्या.

आता धडकेबद्दल. फेब्रुवारीतली सकाळ, रात्रभर बर्फ पडलेलं. काकू गॅरेजमधून गाडी मागे घेत होत्या. तिन्ही आरशांत बघितलं, मान वळवून बघितलं, अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि त्याच वेळी शिकवणारी बाई ड्राइव्हवेच्या टोकाला वाकून बर्फातला काकूंचाच पेपर उचलत होती. काका गेल्यापासून तो पेपर दारापर्यंत आणून ठेवायचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं होतं. वाकलेली बाई ना आरशात दिसली ना काचेतून. खुब्याचं हाड मोडलं.

पुढचे सहा आठवडे काकू रोज डबा घेऊन गेल्या. आधी हॉस्पिटलमध्ये, मग जिथे व्यायाम करून घेतात त्या सेंटरवर, मग तिच्या घरी. मुगाची खिचडी, कमी तिखटाची आमटी, शिरा. आणि डबा रोज काहीतरी घेऊन परत यायचा. हॉस्पिटलमधली जेली, साखरेच्या पुड्या, एकदा नर्सकडून मागून घेतलेलं चिकटपट्ट्यांचं पाकीट. खुब्यात स्क्रू ठोकलेली बाई पलंगावरून काकूंचं भांडं भरून पाठवत होती. मला ते तेव्हा गमतीचं वाटायचं.

मग ओहायोतून तिचा मुलगा आला. अमेरिकेत मुलगा लांबून आला की सोबत वकील येतो. केस झाली. बाई स्वतः वॉकर टेकत टेकत सांगायला आली, "हे तुझ्यामाझ्यातलं नाही. इन्शुरन्सचं आहे. मुलगा म्हणतो, असंच करतात." काकूंनी मान डोलावली, तिला चहा पाजला, आणि ती गेल्यावर मला विचारलं, "म्हणजे हिने माझ्यावर फिर्याद केलीय आणि हिला मी आवडतेही. हे दोन्ही एका वेळी कसं गं चालतं?" मी म्हटलं, इथे चालतं. सांगलीत भिंतीच्या चार विटांवरून कोर्टात गेलेल्यांची नातवंडं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, हे मला काकूंनीच सांगितलं होतं.

काकूंना इन्शुरन्स कंपनीने वकील दिला. थकलेला, भला, हातात एका वेळी चाळीस केसेस असलेला माणूस. त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही, की पलीकडे जायचं नाही, बोलायचं नाही, डबा तर मुळीच द्यायचा नाही. पुढच्या हिवाळ्यात दोघी बायका आपापल्या दारातलं बर्फ एकाच वेळी काढायच्या आणि एकमेकींच्या फावड्यांकडे बघायच्या. बाईला अजून वाकता यायचं नाही, पण ती वॉकर बाजूला ठेवून उभ्याने बर्फ ढकलायची. काकू आत येऊन चिडचिड करायच्या. एकदा गॅसपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "मला केस जिंकायची नाही बाई. मला फक्त ही केस संपून परत पलीकडे जायचंय."

मी म्हटलं, "काकू, जिंकल्याशिवाय संपणार कशी?"

हे मी किती आत्मविश्वासाने म्हटलं होतं! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे म्हणतात. पण ती म्हण शहाण्यांसाठी आहे, आणि मी तेव्हा अतिशहाणी होते.

त्याला कारण माझी नोकरी. मी ज्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचे, ती कंपनी वकिलांना ज्युरी, म्हणजे कोर्टात निकाल देणारे नागरिक, समजावून सांगायची. मोठी केस असली की वकील आमच्याकडे यायचे. आम्ही रस्त्यावरची साधी माणसं पैसे देऊन बोलवायचो, त्यांना खोट्या ज्युरीत बसवायचो, आणि प्रत्येकाच्या हातात एक बटण द्यायचो. वकिलाचं बोलणं पटलं की बटण उजवीकडे फिरवायचं, नाही पटलं की डावीकडे. एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने काच अशी भिंत होती, तिच्यामागे आम्ही बसायचो. माझ्या स्क्रीनवर रेघ वरखाली व्हायची. वकिलाने गरीब विधवेचं नाव काढलं की रेघ वर, स्वतःच्या शिक्षणाचं नाव काढलं की खाली. एकाचे बूट फार चकचकीत होते, तर त्याची रेघ तोंड उघडायच्या आधीच खाली गेली.

आमची बॉस सायकॉलॉजिस्ट होती. ती वकिलांना सांगायची, ज्युरी पुरावे ऐकून मत बनवत नाही, मत बनवते आणि मग त्याला साजेसे पुरावे वेचते. वकील हे वहीत लिहून घ्यायचे. मला हसू यायचं. नागपुरात मी चार वेळा पोह्यांची ताटली घेऊन बाहेरच्या खोलीत गेलेली. मुलाच्या आईचा निकाल माझा पाय उंबऱ्यावर असतानाच लागलेला असायचा. पुढचा अर्धा तास "स्वयंपाक येतो का" वगैरे विचारायचे, ते नुसती कागदपत्रं पुरी करायला. हे ज्ञान विकून त्या बाईने सरोवराकाठी घर घेतलं होतं आणि आमच्या गल्लीतल्या मावशा ते फुकट वाटत होत्या.

तर काकूंची खटल्याआधीची, वकिलांसमोरची जबानी झाली. तिथे बाईच्या वकिलाने विचारलं, "अपघातानंतर तुम्ही रोज जेवण नेत होता?" काकू "हो" म्हणाल्या आणि रडायला लागल्या. आमचा थकलेला वकील त्या संध्याकाळी फोनवर म्हणाला की हे वाईट झालं. रोज जेवण नेणं आणि वर रडणं, ज्युरीला हे कबुलीसारखं दिसेल. चूक नसती तर सहा आठवडे कोण कशाला स्वयंपाक करेल? मी त्याला विचारलं, खोटी ज्युरी बसवून बघणार का? तो म्हणाला, एवढ्याशा केसला तेवढं बजेट नसतं.

माझ्या अंगात आलं. मी म्हटलं, तुमच्याकडे बजेट नाही तर नसू दे, माझ्याकडे बेसमेंट आहे.

मिशिगनमध्ये अशा केसला सहा जणांची ज्युरी असते. मी इथल्या महाराष्ट्र मंडळातले सहा जण रविवारी दुपारी बोलावले. अट एकच, की केसबद्दल आधी काही ठाऊक नसावं. अर्थात सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. सहापैकी पाच जण गाड्यांच्या कंपनीतले इंजिनिअर. मी दोन्ही बाजू नीट मांडल्या, बटणं नव्हती म्हणून कागद वाटले, आणि त्यांना चर्चेला एकटं सोडून जिन्यात जाऊन बसले. आरशाच्या जागी जिना.

पहिली वीस मिनिटं ज्युरीचा प्रमुख कोण यावर गेली. पुढची चाळीस मिनिटं मागच्या काचेचा कोन किती अंशाचा असतो यावर. एका काकांनी टिश्यू पेपरवर गाडी काढली. दुसरे म्हणाले, हे मॉडेल आमच्या ग्रुपने केलंय, ब्लाइंड स्पॉटचं मला सांगू नकोस यार. नागपूरचा एक जण, माझ्याच गावचा म्हणून मी भरवशाने बोलावलेला, म्हणाला, "पण मी काय म्हणतो, त्या बाईला वाकायचं काय काम होतं?" त्यावर एक मावशी उसळल्या, "पेपर आणून देत होती हो ती! तुमच्या घरी आणून देतं का कुणी?" चहा झाला, अळूवड्या झाल्या, निकाल तीन विरुद्ध तीन लागला. त्याच दोन पार्ट्यांनी पुढच्या गणपतीत मंडळाची निवडणूक लढवली.

सगळे गेल्यावर मी कागद गोळा केले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. दोन तासांत डब्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. एकालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. शेजारीण पडली, डबा नेला, त्यात विचारायचं काय? दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवताना मी शेजारच्या अमेरिकन मुलीला हीच गोष्ट सांगितली. तिने घास थांबवून विचारलं, "सहा आठवडे? गिल्टी वाटत असणार तिला."

तिथेच मला उत्तर सापडलं. डबा लपवायचा नाही, डब्याचा रिवाज करायचा. आमच्या संस्कृतीत कुणी आजारी पडलं की जेवण नेतात. कुणालाही नेतात. त्यात विशेष काही नाही. एवढं म्हटलं की डब्यातला अपराध गेला, उरली नुसती संस्कृती. आणि अमेरिकन माणूस संस्कृतीला फार भितो. तिला उलटे प्रश्न विचारत नाही.

मी ते वाक्य इंग्रजीत बांधून काढलं आणि वकिलाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "तू वकील का नाही झालीस?" त्या वाक्यावर मी महिनाभर तरंगत होते.

त्यात एक सापळाही होता. आमची बॉस सांगायची, उलटतपासणीत कधीही "का" विचारू नये. "का" विचारलं की साक्षीदाराला बोलायला मोकळं रान मिळतं. म्हणून मी काकूंना पढवलं, की सुरुवातीला फक्त हो आणि नाही म्हणायचं. समोरच्याला वाटलं पाहिजे की आता ढकललं की ही रडणार. मग तो "का" विचारेल.

काकूंची तालीम घेणं म्हणजे दिव्य होतं. जेवणाच्या टेबलावर मी वकील व्हायचे आणि त्या लसूण सोलत साक्ष द्यायच्या.

"रोज डबा का नेला?"

"इन अवर कल्चर, व्हेन समबडी इज इल, वी टेक फूड. एनीबडी." मग मराठीत, "पण कुणालाही नाही हं. मी कुणालाही एवढं करत नाही. तू गेल्या वर्षी तापाने फणफणली होतीस, तेव्हा मी तुला एकदाच सूप दिलं होतं, तेही कालचं."

"काकू, कोर्टात एवढं खरं लागत नाही."

"मला वाईट वाटत होतं म्हणून नेला. ती मला आवडते म्हणून नेला."

"तेच बोलायचं नाही! वाईट वाटत होतं म्हणालात की संपलं. चूक तुमची होती का? नव्हती ना? मग वाईट वाटलं हे त्यांना कशाला सांगायचं?"

काकूंनी पुढची पाकळी सोलली. मग म्हणाल्या, "पण तीही बसलेली असणार ना तिथे? तिला कसं वाटेल?"

"तिला माहीत आहे हे इन्शुरन्सचं आहे. तीच म्हणाली होती." हे मी फट्‌दिशी म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवला. मी शिकलेली, ज्युरीच्या कंपनीतली, मला कळत असणार.

कपड्यांवर एक वाद झाला. मला काकू फिक्या निळ्या स्वेटरमध्ये हव्या होत्या, साडी नको. साडी नेसली की त्या साक्षीदार न राहता पाहुण्या दिसल्या असत्या. काकू कबूल झाल्या, पण टिकली काढायला तयार होईनात. काका गेल्यावर सांगलीच्या नणंदेनेसुद्धा टिकली काढायला सांगून पाहिलं होतं, तेव्हा काढली नाही, आता सहा गोऱ्यांसाठी काढू? शेवटी लहान टिकलीवर तडजोड झाली.

केस उभी राहिली ती २००६च्या शरदात. मी सुट्टी घेऊन मागच्या बाकावर बसले आणि माझ्या धंद्याच्या सवयीने ज्युरी वाचायला लागले. सहा जण. युनियनचं जाकीट घातलेला एक दाढीवाला, त्याला मी लगेच आमच्याविरुद्ध धरलं. एक नर्स. एक कॉलेजातला पोरगा, त्याचे डोळे मिटत होते. दोन मध्यमवयीन बाया, एकमेकींसारखे चष्मे लावलेल्या. आणि एक म्हातारे गृहस्थ, कानात यंत्र. माझ्या मनात सहा रेघा सुरू झाल्या.

बाई आपल्या वकिलाच्या शेजारी बसली होती. वॉकर भिंतीला टेकवलेला. मुलगा मागे.

काकू साक्षीला गेल्या. आरशांत बघितलं का, हो. मान वळवली का, हो. कुणी शिकवलं होतं, "तिने," काकू म्हणाल्या आणि बाईकडे बोट दाखवलं, तर चष्मेवाल्या दोघी हसल्या. रेघ वर. मग बाईचा वकील उठला. उंच, गोड आवाजाचा.

"अपघातानंतर तुम्ही हिला रोज जेवण नेत होता?"

"हो."

"सहा आठवडे?"

"हो."

"अपघाताच्या आधी रोज नेत होता?"

"नाही."

"मग अपघातानंतरच रोज का?"

आला! मी बाकाची कड घट्ट धरली. त्याला वाटलं काकू रडतील. काकूंनी ज्युरीकडे वळून, मी शिकवलं होतं तसं, सावकाश सांगितलं. "इन अवर कल्चर, व्हेन समबडी इज इल, वी टेक फूड. एनीबडी. इट इज नथिंग स्पेशल." शेवटचं वाक्य तालमीत त्या नेहमी विसरायच्या. त्या दिवशी नेमकं आठवलं.

नर्सने मान हलवली. दाढीवाला मागे टेकून बसला, म्हणजे त्याला पटलं होतं. झोपाळू पोराने डोळे उघडले. मी मनात टाळ्या पिटत होते. वकिलाने पुढे काही विचारलं नाही, विचारण्यासारखं उरलंच नव्हतं.

त्या क्षणी बाईचा चेहरा कसा होता, हे मला सांगता येणार नाही. मी बघितलाच नाही. मी ज्युरीकडे बघत होते. काकूंना ती निदान आरशात दिसली नव्हती. माझ्या तर समोर बसली होती.

निकाल दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. काकूंचा दोष नाही. थकलेल्या वकिलाने माझ्याशी हात मिळवला आणि कार्ड दिलं. मी पार्किंगमधूनच मंडळातल्या सहा ज्युरींना फोन केले. नागपूरवाला म्हणाला, "मी आधीच बोललो होतो." घराजवळ आल्यावर काकू म्हणाल्या, "आता पलीकडे जायला हरकत नाही ना?" मी म्हटलं, आता कायद्याने कुणी अडवू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी मुगाची खिचडी केली, आमटी केली, शिरा केला. टिकली मोठी लावली. डबा घेऊन निघाल्या आणि मी आमच्या दारातून बघत राहिले. बाईने दार उघडलं. हसली, डबा घेतला. पाच मिनिटांत काकू परत आल्या.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"थँक यू म्हणाली. यू आर व्हेरी काइंड म्हणाली."

"मग छान झालं की!"

"आत ये म्हणाली नाही," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने परत म्हणाल्या, "बरोबर आहे. वॉकर घेऊन दारात किती उभी राहणार ती."

मी दिवसभर ऑफिसात हा पराक्रम सांगत फिरले. आमच्या बॉसने मला मीटिंगमध्ये बोलावून सगळ्यांसमोर ती गोष्ट सांगायला लावली. वाक्यातला कोणता शब्द सगळ्यात चालला असेल, यावर चर्चा झाली. सगळ्यांचं मत एकच पडलं, एनीबडी. मी उभी राहून ऐकत होते आणि तिथे, त्या आरशाच्या खोलीत, पहिल्यांदा मला कोर्टातली बाईची खुर्ची आठवली. ज्युरीने जो शब्द उचलला, तो बाईनेही ऐकला होता. तिच्या खुब्याचं हाड मोडलं असताना जिने रोज खिचडी आणली, तिने भर कोर्टात सांगितलं की मी हे कुणासाठीही केलं असतं. आणि तो शब्द काकूंचा नव्हताच. काकू लसूण सोलता सोलता मला तेच सांगत होत्या, आणि मी त्यांना गप्प केलं होतं.

दोन दिवसांनी शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर डबा होता. शेजारी पेपर. तिने घंटी वाजवली नव्हती. मी काकूंना हाक मारली. काकू ओले हात पुसत आल्या, डबा उचलला आणि दोन्ही हातांत धरून जरा हलवून पाहिला. मग तो माझ्या हातात दिला.

"उघडून बघ ना," त्या म्हणाल्या. "माझा चष्मा आत आहे."

चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. मी डबा पायरीवर ठेवला. झाकण काढलं, वरचा कप्पा बघितला, मधला बघितला, खालचा बघितला.

"नीट बघ," काकू म्हणाल्या. "छोटंसं असेल काहीतरी. तळाशी."

मी तिन्ही कप्पे पायरीवर उजेडात ओळीने मांडले आणि परत बघितले. घासून लख्ख केले होते.